दिवा गप्प का बसतो?

गाडीत काहीतरी बिघडलंय हे चालवणाऱ्याला आधी कळतं. घाटात पिकअप मिळत नाही, एव्हरेज घसरतं, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याखेरीज इंजिन धरत नाही. पण मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काही पेटत नाही. मग गाडी गॅरेजला जाते, स्कॅनर लागतो, पडद्यावर ‘नो फॉल्ट कोड’ येतं आणि मेकॅनिक सांगतो, ‘‘साहेब, स्कॅनरला काही दिसत नाही, गाडी ओके आहे.’’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो. दुसरा अर्धा त्यातून निघत नाही. दिवा विझलेला राहण्याची कारणं बरीच आहेत; गाडी ठणठणीत असणं हे त्यांतलं एक. बाकीची ओळखायची कशी, हे या प्रकरणात पाहू.

त्यासाठी आधी हा दिवा आला कुठून ते पाहावं लागेल, कारण त्याच्या बऱ्याचशा मौनाचं मूळ त्याच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारं तपकिरी धुरकं साचू लागलं होतं. कॅल्टेक या संस्थेतले नेदरलँड्समध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाचा स्वाद कोणत्या रसायनांमुळे येतो, याचा अभ्यास करत होते. वासाची रसायनं वेगळी काढण्याचं आपलं कसब त्यांनी शहराच्या हवेवर वापरलं आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. यात मोठा वाटा मोटारींचा होता. पुढे १९६८ मध्ये तेच कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले. गाडीने धूर आटोक्यात ठेवणारे आपले भाग स्वतःच तपासावेत आणि बिघाड दिसला तर दिवा लावावा, हा नियम याच बोर्डाने १९८८च्या मॉडेलपासून आणला. १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ या नावाने त्याची सुधारलेली आवृत्ती सगळ्या अमेरिकेत सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांबरोबर एप्रिल २०१० मध्ये त्याचा पहिला टप्पा आला (मुंबई, पुणे आणि सोलापूर ही सुरुवातीच्या शहरांत होती) आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर मोटरसायकली आणि स्कूटरसुद्धा त्यात आल्या.

म्हणजे हा दिवा आला तो हवेच्या काळजीपोटी. अमेरिकेतल्या नियमात अनेक भागांसाठी मर्यादा अशी आहे, की त्या भागाच्या बिघाडाने धूर ठरलेल्या प्रमाणाच्या दीडपट होईल तेव्हा दिवा लागला पाहिजे. या मर्यादेच्या आतल्या बिघाडाबद्दल बोलायला दिवा बांधलेला नाही. क्लच घसरत असेल, मागचा ब्रेक चिकटून चाक जड फिरत असेल, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन वयोमानाने सारखंच उतरलं असेल, तर एव्हरेजही जाईल आणि पिकअपही. दिवा मात्र शांत राहील. त्याच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नाही. हे ध्यानात ठेवलं की पुढचा तपास सरळ होतो. आपल्याला एकच गोष्ट शोधायची असते: दिव्याला बोलताच येत नाही, बोलायला मनाई आहे, की त्याने अजून काही पाहिलेलंच नाही?

पहिली चाचणी चावी फिरवण्याची, आणि ती सर्रास विसरली जाते. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ऑइलचा, बॅटरीचा आणि इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. हा शेवटचा लागला नाही, तर दोष सापडल्यावर तो लागेल अशी आशाच नको. आता सेल्फ मारून बघा. इंजिन व्यवस्थित चालू झालं तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, जिवंत आहे हे सिद्ध झालं. कारण त्याच्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. मग बिघाड दिव्याच्या वाटेवर शोधायचा. जुन्या गाड्यांत चावी ऑन झाली की दिव्याच्या एका टोकाला फ्यूजमधून १२ व्होल्ट मिळतात आणि ईसीएम दुसरं टोक अर्थ करून तो पेटवतो. तिथे बल्ब, वायर किंवा ईसीएमच्या आतला त्या दिव्यापुरता स्विच यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. वायरिंगचा नकाशा हाताशी असेल तर ईसीएमचा कपलर काढून नेमकी तीच वायर अर्थला टेकवायची. दिवा लागला तर बल्ब आणि वायर दोन्ही सुटले. नकाशा नसेल तर हा प्रयोग करू नये. चुकीची पिन अर्थ झाली की शंभराचं काम हजारांत जातं. नव्या गाड्यांत दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर नसतेच. ईसीएम आणि मीटर दोन वायरींच्या कॅन जाळ्यावरून बोलतात. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे.

याच टप्प्यावर स्कॅनरमधली एक ओळ फार कामाची आहे आणि ती बघणारे कमी. लाइव्ह डेटामध्ये ‘एमआयएल स्टेटस’ असं काहीसं लिहिलेलं असतं; एमआयएल म्हणजे हाच पिवळा दिवा. ईसीएमने दिवा लावायचा हुकूम दिला आहे की नाही, ते तिथे कळतं. स्कॅनर ‘ऑन’ म्हणतोय आणि मीटरवर अंधार आहे, तर दोष सापडलेला आहे आणि निरोप वाटेत हरवतोय. स्कॅनरही ‘ऑफ’ म्हणत असेल तर दिवा प्रामाणिक आहे, आणि प्रश्न ईसीएमला काय दिसतंय याचा आहे. निम्मा तपास या एका ओळीवर होतो.

दिवा लागत नाही आणि इंजिनही चालू होत नाही, तर मामला वेगळा. ईसीएमलाच करंट मिळत नसावा. मेन रिले, त्याचा फ्यूज आणि ईसीएमच्या अर्थच्या वायरी, या क्रमाने बघायचं. इथे नुसत्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नये. वायरीच्या तारा कुरतडून एकच शिल्लक राहिली असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट खेचतच नाही. टेस्ट लॅम्प लावला की सत्य बाहेर येतं: तो मिणमिणला तर वायर आतून गेलेली आहे. अर्थच्या बाजूला भार चालू असताना व्होल्टेज मोजावं, ते ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवं. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालच्या उबेला येतात आणि हार्नेस कुरतडतात. कोकणपट्टीत अर्थच्या बोल्टखाली आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. अशा गाड्यांत मी तरी तपासाची सुरुवात तिथूनच करावी असं म्हणेन.

करंट येतोय, अर्थ चांगला आहे, तरी ईसीएम मेल्यासारखा. या अवस्थेत पुष्कळ चांगले ईसीएम बदलले जातात आणि मालकाला त्याची मोठी किंमत मोजावी लागते. बहुतेक सेन्सरना ईसीएम ५ व्होल्टचा पुरवठा करतो, आणि अनेक सेन्सर एकाच पुरवठ्यावर असतात. सोसायटीच्या एका टाकीवरून दहा घरांना पाणी जावं, एका घरातला पाइप फुटावा आणि सगळेच नळ कोरडे पडावेत, तसं इथे होतं. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की ५ व्होल्ट शून्यावर येतात आणि काही गाड्यांत ईसीएमचं काम पूर्ण थांबतं: दिवा नाही, स्कॅनर जोडला जात नाही, इंजिन नाही. उपाय मात्र साधा आहे. एका सेन्सरच्या कपलरवर मल्टिमीटर लावून ठेवायचा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जायचं. ज्या सेन्सरला काढताच ५ व्होल्ट परत येतात आणि मीटरवर पिवळा दिवा उजळतो, तो चोर. एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर जरूर बघावा. काही गाड्यांत तो याच पुरवठ्यावर असतो आणि पुढच्या बाजूला पाणी-चिखल खात असतो, पण एसीचा भाग म्हणून इंजिनाच्या तपासात त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता समजा दिवा चावीला लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, पण स्कॅनरच जोडला जात नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरमध्ये १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट असतात, ४ आणि ५ या अर्थच्या. स्कॅनर पेटतच नसेल तर १६ नंबरच्या पिनचा फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचाही असतो, आणि त्या सॉकेटमध्ये नाणं पडून तो उडालेला असतो. स्कॅनर पेटतो पण ‘लिंक एरर’ दाखवतो, तेव्हा कॅनच्या दोन पिना, ६ आणि १४, यांच्याकडे वळायचं. बॅटरी काढून त्यांच्यामधला रोध मोजला तर ६० ओहमच्या जवळ यायला हवा, कारण जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर जोडलेला असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. एवढं करण्याआधी तोच स्कॅनर दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून बघणं शहाणपणाचं. स्वस्तातली ब्लूटूथ यंत्रं सगळ्या भाषा बोलत नाहीत. आणि २०१०च्या आधीच्या अनेक भारतीय गाड्यांत सोळा पिनांचा कपलर असला तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची आहे. तिथे साधा स्कॅनर काहीच वाचणार नाही आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

सगळ्यात रंजक मौन यापुढचं. दिवा ठीक, स्कॅनर जोडला गेला, कोड नाही, आणि गाडी मात्र ओढत नाही.

आधी हे विचारा, की बॅटरी नुकतीच काढली होती का, किंवा कोणी कोड पुसले होते का? पुसल्यावर ईसीएमच्या आतल्या चाचण्यांचे निकालही जातात आणि त्या नव्याने पूर्ण व्हाव्या लागतात. स्कॅनरवर ‘रेडीनेस’ या नावाखाली त्यांची यादी दिसते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी व्हायला इंजिन गरम होऊन गाडी काही मिनिटं एका लयीत चालावी लागते. रोज घर ते शाळा आणि शाळा ते मंडई एवढंच चालणाऱ्या गाडीत ती चाचणी आठवडेच्या आठवडे अपुरी राहते. निकाल नाही म्हणून कोड नाही. शिवाय बरेचसे दोष एकदा दिसल्यावर ईसीएम नुसती नोंद करून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही ते दिसले तरच दिवा लावतो. ही नोंद ‘पेंडिंग कोड’ या वेगळ्या पानावर असते. फक्त पहिलं पान उघडून ‘काही नाही’ म्हणणारा मेकॅनिक अर्धंच वाचतोय.

तिथेही काही सापडलं नाही, तर लाइव्ह डेटा. ईसीएम सेन्सरवर संशय घेतो तो मुख्यतः आकडा अशक्य असला तर. कूलंट सेन्सरची वायर तुटली की तापमान उणे ४० दिसतं आणि कोड येतो. पण कपलरला गंज चढून रोध थोडाच वाढला, तर सेन्सर इंजिन आहे त्यापेक्षा थंड सांगतो. आकडा पटण्यासारखा असतो, ईसीएम त्यावर विश्वास ठेवून जास्त पेट्रोल टाकत राहतो आणि एव्हरेज पडतं. हे पकडायला सकाळची वेळ उत्तम. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी हवीत. एक २६ आणि दुसरं १२ दाखवत असेल, तर पुण्याच्या पहाटेलाही ते शक्य नाही.

मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, याची परीक्षा मला विशेष आवडते, कारण तिला आपला भूगोल लागतो. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला, मुंबईत, तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात ९५च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६. आता मुंबईत उभ्या गाडीचा सेन्सर ९० दाखवतोय असं धरा. महाबळेश्वरच्या वाटेवर हा आकडा अगदी योग्य ठरला असता, म्हणून ईसीएमला त्यात वावगं दिसत नाही. हवा कमी आहे असं समजून तो पेट्रोलही कमी सोडतो. लहान पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा हिशेब पुष्कळदा याच सेन्सरवर चालतो. सपाट रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून खंबाटकी चढताना मात्र तो बाजूला पडतो आणि गाडी दम सोडते. कोड कुठेच नाही.

ही भरपाई किती चालली आहे, ते ‘फ्युएल ट्रिम’च्या टक्क्यांत दिसतं. उणे-अधिक पाचाच्या आत असेल तर चिंता नको. मिश्रण फार विरळ झाल्याचा पी ०१७१ हा कोड साधारणपणे वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे येतो. त्यामुळे पंधरा टक्क्यांवर अडखळणारी गाडी कोडविना वर्षभर फिरू शकते. तो आकडा कधी वाढतो यातही अर्थ आहे. आयडलिंगला जास्त आणि वेगात कमी होत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप गळतोय. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप थकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. यापुढे प्रेशर गेज लावायचं, कॉम्प्रेशन मोजायचं. हे काम जुनं आणि हात काळे करणारं आहे. स्कॅनर आल्यावर अनेक गॅरेजमधून ही गेज कोपऱ्यात गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. जिथे सेन्सरच बसवलेला नाही तिथलं सत्य तीच सांगतात.

राहिलं लादलेलं मौन. याचा इतिहास मोठ्या कंपन्यांपर्यंत जातो. १९९८ मध्ये अमेरिकेत होंडाने सुमारे १६ लाख गाड्यांच्या प्रकरणात सरकारशी तडजोड केली. या गाड्यांत मिसफायर ओळखणारी यंत्रणा बंद ठेवल्याचा आरोप होता. तडजोडीचा एकूण बोजा २६ कोटी ७० लाख डॉलरचा होता. १९९९ मध्ये टोयोटावर दावा झाला, की १९९६ ते १९९८ या मॉडेलांच्या सुमारे २२ लाख गाड्यांत पेट्रोलच्या वाफेची गळती झाली तरी दिवा वेळेवर लागत नाही. ते प्रकरण २००३ मध्ये मिटलं. आणि २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण उघडं पडलं. तिथे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने गाडीत मोजणीयंत्र ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजला, म्हणून नायट्रोजन ऑक्साइडांचा खरा आकडा समोर आला. फसवणुकीत गाडीचं सॉफ्टवेअरच सामील होतं. त्यामुळे मीटरवरच्या दिव्याला पेटायचं कारणच नव्हतं.

आपल्या आसपास हे छोट्या प्रमाणावर चालतं. जुनी गाडी विकताना दिव्यामागे काळी टेप लावतात, बल्ब काढतात, किंवा त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे चावीला तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. दोन्ही दिवे नेमके एकाच क्षणी विझत असतील तर संशय घ्यावा. काही डिझेल गाड्यांत ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा, बंद करून ईसीएमच्या सॉफ्टवेअरमधून त्याचे कोडही काढून टाकतात. सीएनजी किटमधल्या एम्युलेटरचं प्रकरण थोडं निराळं आहे. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात आणि मूळ ईसीएमने तक्रार करू नये म्हणून एम्युलेटर त्याला खोटा प्रतिसाद देतो. हे त्याचं रास्त काम आहे, पण त्यामुळे गॅसवर घेतलेल्या स्कॅनवर विसंबता येत नाही. अशी गाडी आधी पेट्रोलवर पुरेशी चालवून मग तपासावी.

वापरलेली गाडी घेताना स्कॅनरवर आणखी एक आकडा मागून घ्या: कोड पुसल्यापासूनचं अंतर. विकणारा ‘कधीच काही झालं नाही’ म्हणतोय आणि तो आकडा ९ किलोमीटर आहे, तर कोड गाडी दाखवायच्या आधीच पुसलेत.

आणि शेवटची परीक्षा म्हणजे मुद्दाम दोष निर्माण करून बघणं. मालकाची परवानगी घेऊन, चावी बंद असताना आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर काढा. तो स्वतंत्र असलेल्या गाड्यांत इंजिन याने बंद पडत नाही. आता गाडी सुरू करून थोडी फिरवा. लाइव्ह डेटात उणे ४० किंवा ईसीएमने धरलेलं ठरावीक पर्यायी तापमान दिसेल, पी ०११३ हा कोड येईल आणि दिवा लागेल. काही गाड्यांत त्यासाठी दुसरी फेरी मारावी लागते. कोड आला आणि दिवा नाही, तर मीटर उघडायला सांगा. दोन फेऱ्यांनंतरही तापमान उणे ४० आणि कोड मात्र नाही, तर सॉफ्टवेअरशी खेळ झालेला आहे. चाचणी झाली की सेन्सर परत जोडा, पण कोड स्कॅनरने पुसू नका. पुसला तर रेडीनेसचे सगळे निकालही त्याच्याबरोबर जातील. लागोपाठ तीन फेऱ्या दोषाशिवाय झाल्या की ईसीएम दिवा स्वतःच विझवतो, आणि साधारण चाळीस वेळा इंजिन गार होऊन पुन्हा गरम झालं की कोडही आपोआप पुसला जातो.